बूट घासा, हो, तुम्हीसुद्धा

मी बूट घासायचा ब्रश बोलतोय. नाक मुरडू नका. दात घासायचा ब्रश बोलला असता तर तुम्ही कौतुकाने ऐकलं असतं. माझ्या वाट्याला चिखलाचे तळवे आले, त्याला मी काय करणार? पण माझं काम हलकं समजू नका. माझ्या पाठीमागे जे काही फुलतंय, डोलतंय, त्याची राखण मी करतो.

माझा मुक्काम अमेरिकेतल्या आयोवात, ओल्टमन्स माळाच्या फाटकापाशी. आमच्या चारी बाजूंना नजर पोचेल तिथवर मका, नाहीतर सोयाबीन. मधोमध हा एवढासा तुकडा, ज्याच्यावर शेती कधी झालीच नाही. एके काळी सगळा मुलूखच असा होता म्हणतात, माणूस बुडेल एवढं गवत आणि त्यात फुलंच फुलं. तो सगळा नांगराखाली गेला. वर्लिन ओल्टमन्सच्या आजोबांनी घोड्यांच्या गवतासाठी हा तुकडा तसाच ठेवला. बापाने मात्र एकदा हौसेने इथे नांगर आणला, आणि पहिल्याच तासाला फाळ दगडावर आपटून मोडला. बाप जो चिडून घरी गेला तो पुन्हा या बाजूला फिरकला नाही. माळ वाचला तो असा, थोडा आजोबांमुळे आणि बराचसा त्या दगडामुळे.

तो मोडका फाळ वर्लिनने जपून ठेवला होता. शेती मुलीच्या हाती देऊन तो मोकळा झाला, माळ त्याने काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा सरकारला, देऊन टाकला, आणि मग आपल्या अवजारांच्या शेडमध्ये बसून मला घडवलं. अंगाला डुकरांच्या शेडच्या जुन्या दाराची ओकची फळी. गोठा घासायच्या लांब ब्रशांची डोकी कापून दोन बाजूंना उभी ठोकली, एक तळाला आडवं. पुढे चिखल खरवडायला पट्टी हवी होती, तिथे तो फाळ बसवला. ज्या लोखंडाने माळ फाडायचा होता तेच आता माळाच्या दारात राखणीला बसलं, याचं वर्लिनला भारी हसू यायचं. प्रत्येकाला तो हे सांगायचा. काहींना दोनदा सांगायचा.

आता तुम्ही म्हणाल, माळावर जायला बूट कशाला घासायचे, माळ काय दिवाणखाना आहे? अहो, बूट स्वच्छ व्हावेत म्हणून मी नाहीच. तुमच्या बुटांच्या खाचांत बिया असतात. रस्त्याच्या कडेच्या, कुणाच्या बागेतल्या, कुठल्या कुठल्या. त्यांतलं एखादं आगंतुक बी आत शिरलं की पाच-सात वर्षांत पाय पसरतं, आणि घरच्या झाडांना उठवून लावतं. म्हणून आत जाताना आधी माझ्याशी गाठ. डावा पाय, उजवा पाय, मग चला.

माणसं तऱ्हेतऱ्हेची. शाळेची मुलं मला सोडतच नाहीत, त्यांना घासण्यात माळापेक्षा जास्त मजा येते. शहरातून फोटो काढायला येणारे मला नुसता अंगठा लावून जातात. पक्षी बघणारे आकाशाकडे बघत घासतात आणि निम्मा वेळ पाय खांबावर आपटतात. आमच्या गावचे पास्टर तर चक्क चुकवून गेले. धर्माच्या माणसाला वाटलं असावं, आपले पाय आधीच पवित्र आहेत. वर्लिनने त्यांना माळाच्या मध्यातून परत फिरवलं, घासायला लावलं आणि दुसऱ्याच दिवशी पाटीवर एक ओळ वाढवली. आधी नुसतं 'बूट घासा' होतं. खाली त्याने लिहिलं, 'हो, तुम्हीसुद्धा.'

असा हा माझा जन्मदाता. पण त्याच्यावर माझा एक राग होता, आणि तो मी बरीच वर्षं पोसला. आत जाताना हा माणूस माझ्याशी इतका अदबीने वागायचा की काय सांगू. डावा, उजवा, पुन्हा डावा, मग वाकून खाचा बघायचा. आणि बाहेर येताना? बघायचासुद्धा नाही. बूट मातीने, कुसळांनी भरलेले, पँटला बिया चिकटलेल्या, आणि स्वारी शीळ घालत सरळ ट्रककडे. मी आपला केस ताठ करून उभा. काम झालं की ओळख नाही, असला प्रकार मला अजिबात खपत नाही.

या बाबतीत माझ्या बाजूने बोलणारी एकच व्यक्ती होती, त्याची बायको अर्डिस. ती फाटकापर्यंत यायची, पण आत नाही. जेवायची वेळ टळली की गाडी घेऊन त्याला हाकारायला यायची, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, आणि रस्त्यावरूनच ओरडायची. तिला गवत आवडायचं ते कापलेलं, वेलींना आधाराची काठी लागायची आणि फुलं ओळीत हवी असायची. तिच्या घरामागची हिरवळ सतरंजीसारखी असते असं लोक सांगायचे.

"तुझ्या त्या ब्रशला सांग," ती एकदा वर्लिनला म्हणाली, "जाताना तुला अडवतो तसा येतानाही अडव म्हणावं. अर्धा माळ माझ्या स्वयंपाकघरात येतो."

"आत घाण न्यायची नाही असा नियम आहे," वर्लिन म्हणाला. "बाहेर आणायची नाही असं कुठे लिहिलंय?"

"मग मागच्या पायरीवर झटकायचे बूट. झटकल्याशिवाय घरात पाऊल टाकलंस तर बघ."

तसं तो करत असावा, कारण नंतर तिची कुरकुर बदलली. आता मागच्या पायरीपाशी तण माजतं आणि मलाच वाकून उपटावं लागतं, असं ती म्हणायची. वर्लिन यावर काही बोलायचा नाही. नुसता हसायचा, मिशीतल्या मिशीत. दर जुलैत मात्र तो तिला म्हणायचा, चल ना आत, सगळं फुललंय, एकदा बघ तरी. आणि दर जुलैत ती म्हणायची, हिवाळ्यासाठी माझ्या घेवड्याच्या बरण्या भरायच्या राहिल्यात, पुढच्या वर्षी बघू.

एका फेब्रुवारीत वर्लिन गेला. अंगणातला बर्फ काढताना बसला तो उठलाच नाही. मला कुणी सांगायला आलं नाही, ब्रशला कोण सांगणार? मला कळलं ते मार्लामुळे. मार्ला स्वोबोडा काउंटीची माणूस, या माळाची देखभाल तिच्याकडे. वर्लिनच्या हाताखालीच ती हे सगळं शिकली. ती एकटीच आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि एकच बूट घासत राहिली. त्याला बर्फाशिवाय काही लागलेलं नव्हतं. घासता घासता रडायला लागली, तेव्हा मी समजलो. मलाही फार वाईट वाटलं. राग असला म्हणून काय झालं, मला दोन हातांनी घडवणारा माणूस होता तो.

मग वसंत आला आणि माळ पेटवायचे दिवस आले. दचकू नका, हे आमच्याकडे मुद्दाम करतात. जुनं वाळकं गवत जळतं, बाहेरून घुसलेली झुडपं होरपळतात, आणि घरची झाडं, ज्यांची मुळं माणूसभर खोल असतात, ती खुशाल खालून वर येतात. त्या दिवशी मला ओल्या पोत्यात गुंडाळतात आणि माझी मात्र पाचावर धारण बसते. मी लाकडाचा आहे, माझी मुळं कुठली खोल असणार? दर वर्षी वर्लिन जवळ उभा राहून पाण्याचा पाइप धरायचा. या वर्षी मार्लाने धरला.

आग विझल्यावर, काळ्या जमिनीकडे बघत, ती आपल्या मदतनिसाला जे सांगत होती ते ऐकून माझे केस उभे राहिले.

झालं होतं असं. आमच्याकडे माणूस गेला की चर्चच्या तळघरात जेवण असतं, हॅमचे सँडविच, बटाट्याचं कॅसरोल, थरथरणारी हिरवी जेली. आणि हल्ली एक नवी पद्धत निघालीय, येणाऱ्या प्रत्येकाला फुलांच्या बियांचं एक पाकीट द्यायचं, गेलेल्या माणसाच्या आठवणीत पेरायला. अर्डिसने खास मागवून घेतली होती पाकिटं. वर टोपीतल्या वर्लिनचा फोटो, खाली फुलपाखरं, 'रानफुलं' असं नाव. आणि तिने सगळ्यांना सांगितलं होतं, आपापल्या घरी नका पेरू. मे महिन्यात सगळे जमू आणि त्याच्या माळावरच टाकू.

मार्लाने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली होती. निम्म्या बिया परदेशी. त्यात एक पांढऱ्या पाकळ्यांची, पिवळ्या डोळ्याची डेझी, दिसायला गोजिरवाणी, पण एकदा आत घुसली की आवरणं कठीण. अशीच डेझी उपटण्यात वर्लिनचे आणि मार्लाचे कितीतरी उन्हाळे गेले होते. ती त्याच्याच आठवणीत, त्याच्याच फोटोसकट, मुठी भरभरून आत पडणार होती. तीही नुकत्याच जळलेल्या मोकळ्या जमिनीवर, जिथे पडेल ते बी रुजतं.

मग अर्डिसला सांगायचं की नाही? तिथेच तर सगळं अडलं होतं. आमच्याकडच्या माणसांच्या जिभेवर 'नको' हा शब्द येतच नाही. कुणाच्या घरची भाजी घशाखाली उतरत नसली तरी "वेगळीच झालीय हं" म्हणायचं आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. तळघरात अर्डिसने पाकीट दाखवलं तेव्हा मार्लाही तसंच म्हणाली होती, "वेगळंच आहे हं, अर्डिस." एरवी अर्डिसला ते तिथल्या तिथे कळलं असतं. पण नवरा जाऊन चार दिवस झालेली बाई, तिने ते कौतुक समजून मार्लाला मिठी मारली.

त्यानंतर मार्ला माझ्यासमोर उभी राहून तालीम करायला लागली. कधी "अर्डिस, काय झालंय की" इथवर यायची, कधी "तुमच्या भावना मी समजू शकते" इथवर. एकदा तर सुरुवात हवामानापासून केली आणि तिथेच राहिली. तिचा साहेब म्हणाला होता, कायद्याने परवानगीच नाही, तेवढं सांग आणि मोकळी हो. ती त्याला म्हणाली, कायदा त्या बाईच्या तोंडावर फेकू का मी? नवरा गेलाय तिचा. मला तिची दया यायची. मला बोलता आलं असतं तर मीच सांगून टाकलं असतं, कारण मला भीडभाड नाही.

तो दिवस उजाडला. झकास ऊन होतं, काळ्या जमिनीतून हिरवे कोंब डोकावत होते. रस्त्याच्या कडेने गाड्यांची रांग लागली. सगळे चर्चला जातात तसे कपडे करून आलेले, हातात एक एक पाकीट. पास्टर होते. वर्लिनची मुलगी होती. आणि सगळ्यांच्या पुढे अर्डिस, उरलेली पाकिटं टोपलीत घेऊन, तेच पांढरे बूट घालून.

मार्ला फाटकात उभी होती, चेहरा पांढराफटक. "अर्डिस," ती म्हणाली, "आज हवा छान पडलीय." आणि तिची गाडी पुन्हा तिथेच अडली.

"छानच आहे," अर्डिस म्हणाली आणि पुढे झाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आत जायला निघाली होती. तिला पाटी दिसली. वर्लिनच्या हातची अक्षरं, ऊन-पावसाने फिकी झालेली. तिने ती वाचली, हसली, टोपली खाली ठेवली आणि माझ्यावर डावा पाय ठेवला.

मी आपलं काम चोख केलं. तिच्या बुटाच्या खाचेतून तिच्याच हिरवळीतलं एक काडीएवढं गवत, त्याच्या तुऱ्यासकट, खाली पडलं. तिने ते बघितलं. मग टोपलीकडे बघितलं. उजवा पाय माझ्यावर तसाच राहिला.

"मार्ला," ती हळूच म्हणाली, "एक बी आत जाऊ नये म्हणून हा माणूस पास्टरना परत फिरवायचा. आणि मी टोपली भरून घेऊन आलेय. यात काय आहे?"

मार्लाचे डोळे भरून आले. "त्यात ती डेझी आहे, अर्डिस."

"तो उपटायचा ती?"

"तीच."

 रांगेत कुणी बुटांकडे बघत होतं, कुणी मक्याकडे. अर्डिसने पाय खाली घेतला. "तू तेव्हा 'वेगळंच आहे' म्हणालीस," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं गं." आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मार्लाने तिला धरलं. पास्टर पुढे आले, आपलं पाकीट त्यांनी निमूट टोपलीत टाकलं, मग एकेकाने टाकलं. पास्टरांनी नंतर बूट घासले आणि सगळ्यांना आत घेऊन गेले प्रार्थनेला.

अर्डिस मात्र आत गेली नाही. ती माझ्या शेजारी खांबाला टेकून उभी राहिली, आणि मार्लाला जे म्हणाली ते माझ्या मनातून जात नाही.

"दर वर्षी तो मला चल म्हणायचा, आणि मी बरण्या भरत बसले. मला वाटलं, आता तरी माझ्या हातचं काहीतरी आत पडेल. त्याच्याजवळ. आता काय टाकू मी?"

मार्लाने टोपली उचलून तिच्या गाडीत ठेवली. 

माळ वाचला, पण मला काही बरं वाटेना. उन्हाळाभर अर्डिस फिरकली नाही. जुलै आला, शंकूसारख्या डोक्यांची जांभळी फुलं आली, पुदिन्याच्या वासाची फिकी जांभळट फुलं आली, मुलं आली, पक्षीवाले आले, मी घासत राहिलो. मार्ला येता-जाता सांगायची, अर्डिसने अंथरूण धरल्यासारखं केलंय. बागेत जात नाही, बरण्या भरत नाही, वाकून एक तण उपटत नाही.

आणि ऑगस्टमध्ये एक दिवस तिची गाडी जोरात आली, धूळ उडवत. अर्डिस उतरली ती पायात वर्लिनचे बूट घालून. तिच्या पायांना ते होडीसारखे होत होते. हातात मूठभर फुलं, मुळं नाही, नुसते दांडे. मार्ला फाटकाच्या आतच होती.

"हे काय आहे ते सांग," अर्डिस म्हणाली. "माझ्या मागच्या पायरीपाशी आलंय. एवढं उंच. मी यंदा काही उपटलं नाही, तर हे."

मार्लाने एकेक दांडा बघितला. जांभळं शंकूफूल. पुदिन्याच्या वासाचं फूल. निळसर दांड्याच्या गवताचा तुरा. तिने मान वळवून माळाकडे बघितलं, तिथेही हेच डोलत होतं. मग अर्डिसच्या पायातल्या बुटांकडे बघितलं.

"हे इथलंच आहे, अर्डिस. याच माळातलं. तुम्ही त्याला पायरीवर बूट झटकायला लावायचात ना?"



"आणि मी दर वर्षी उपटत होते," अर्डिस म्हणाली. "तण समजून."

"वरून उपटत होतात. मुळं खाली शाबूत होती."

"आणि तो दारात उभा राहून हसायचा मेला. एका शब्दाने बोलला नाही."

आता मला सांगा, मी कुठे तोंड लपवायचं? इतकी वर्षं मी धुमसत होतो की हा येताना माझ्याकडे बघत नाही. अहो, तो माझ्याकडे बघत नव्हता कारण त्याला ते सगळं घरी न्यायचं होतं. बायको आत येत नाही म्हटल्यावर तो माळच पायांना लावून तिच्या दारात नेत होता, रोज थोडा थोडा. एवढं प्रेम माझ्या डोळ्यांसमोरून चालत गेलं आणि मी केस ताठ करून रुसलेला. असो.

ऑक्टोबरमध्ये अर्डिस पुन्हा आली. हातात आइस्क्रीमची जुनी बादली, आणि बादलीत मागच्या पायरीपाशी धरलेलं बी, वाळवून चोळून, कोंडा-कुसळांसकट. ते आत टाकायला कुणाची हरकत नव्हती, ते इथलंच होतं, परत येत होतं. तिने वर्लिनचे बूट माझ्यावर घासले. डावा, उजवा, पुन्हा डावा, मग वाकून खाचा बघितल्या. मार्ला तिला ओल्या कोपऱ्याजवळ घेऊन गेली, जिथे झुडपं काढल्यावर जमीन उघडी पडली होती. तिथे अर्डिसने मुठीमुठीने बी फेकलं. दाणे टाकताना कोंबड्यांना बोलतात तसं ती काहीतरी बोलत होती, पण वारा उलटा होता, मला ऐकू आलं नाही.

ती बराच वेळ आत राहिली. मग परत आली, नाक लाल, चेहरा शांत. बुटांना चिखल, पँटला घोट्यापर्यंत कुसळं. माझ्यापाशी थांबली. मी सवयीने तयार झालो. तिने माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि तशीच शीळ घालत गाडीकडे गेली. शीळ तिला नीट येत नाही, नुसती हवा येते. पण मी इतका खूश कधीच झालो नव्हतो.

आता माझंही वय झालंय. केस झिजून टक्कल पडायला आलंय, फळीला चीर गेलीय, मार्ला म्हणते येत्या हिवाळ्यात नवीन ब्रश बसवू, फाळ मात्र तोच ठेवू. ठेवा बापडे. माझं मागणं फार नाही. तुम्ही कधी इथे आलात तर आत जाताना पाय उचला, दोन्ही, आणि तुम्हीसुद्धा. परत निघालात की मात्र माझ्याकडे बघू नका. तसेच जा, आणि घरी कुणी वाट बघत असेल तर त्याच्या पायरीवर झटका.